न वाचलेली भिंत

२ फेब्रुवारी, सोमवार

आलो बाबा एकदाचे! सामान तिसऱ्या मजल्यावर चढवताना कंबरेचा काटा ढिला झाला, पण खोली बघितली आणि शीण गेला. दोन खिडक्या, नळाला सकाळ-संध्याकाळ पाणी, आणि भिंती तर अशा की माझ्यातला रंगारी लगेच जागा झाला. आधीच्या भाडेकरूने पुट्टी न भरता रंग फासलाय. मी हात फिरवून बघितला, सगळा उंचसखल. रविवारी घासपेपर घेऊन बसायचं असं ठरवून टाकलं.

नोकरी नगरपालिकेच्या भिंत पथकात. गावातल्या भिंतींवर लोक रात्रीतून जे लिहितात, चितारतात, त्यावर राखाडी रंग मारायचा. इतकी वर्षं लोकांच्या बैठकीच्या खोल्या रंगवल्या, आता रंगवलेलं झाकायचा पगार मिळणार. बायको फोनवर हसली, म्हणाली तुम्ही नेहमी उलट्याच दिशेने जाता. तिची बदली अजून अडकली आहे. इस्पितळात नर्स कमी आहेत, म्हणून तिथली मेट्रन तिला सोडायला तयार नाही. तोवर लेक माझ्याकडे. शाळा माझ्या कामाच्या वाटेवर आहे म्हणून तसं ठरलं.

लेकीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं. घरात ती टकळी. सात वर्षांची आहे आणि जागी असते तोवर बोलते. आज बसमध्ये पुढच्या सीटवरच्या बाईंना तिने आमचं सगळं घर सांगून टाकलं, मी घोरतो हेसुद्धा. आत्ता पलंगावर उलटी पडून खिडकीतल्या मांजराशी बोलतेय. कान किटले माझे. पण या नव्या खोलीत तिचा आवाज नसता तर मला आजची संध्याकाळ खायला उठली असती, हेही खरंच.

४ फेब्रुवारी, बुधवार

पथक म्हणजे काय तर एक टेंपो, त्याचा ड्रायव्हर, मी, आक्का आणि मुकादम. आक्का पथकातली सगळ्यात जुनी. केस पांढरे, पण रोलर असा ओढते की मी बघतच राहिलो. मुकादमाला सगळे पाठीमागे भोंगा म्हणतात. आवाजच तसा आहे.

आणि त्या आवाजाचं इथे काम आहे, हे मला आज कळलं. पहिली भिंत बाजारामागची. मी रोलर भिजवून पुढे झालो तर आक्काने माझं मनगट धरलं. म्हणाली, थांब, आधी वाचायचं. मग भोंग्याने भिंतीसमोर उभं राहून सगळं खड्या आवाजात वाचलं. नळाला पाणी कधी येणार, हे कुणीतरी नगराध्यक्षांना विचारलेलं. त्याखाली कुणीतरी कुणाला तरी लिहिलेली माफी. त्याखाली एक शिवी, तीही त्याने तितक्याच गांभीर्याने वाचली. लोक थांबून ऐकत होते. माफी वाचताना कोपऱ्यावरची फुलवाली खाली मान घालून उभी राहिली. वाचून झालं आणि मगच आम्ही राखाडी मारायला घेतलं.

जिथे नुसतं चित्र असेल तिथे काय दिसतं ते सांगायचं. एका शटरवर कुणीतरी भला मोठा मासा काढलेला, पोटात माणसांनी भरलेली बस. भोंग्याने प्रवाशांचे चेहरेसुद्धा एकेक करून सांगितले. मला हसू आवरेना. ड्रायव्हरला विचारलं, हे काय खूळ? तो म्हणाला, पहिल्यापासून असंच आहे. ज्याला बोलायला दुसरी जागा नसते तो भिंतीवर लिहितो, आणि ऐकून न घेता पुसलं तर ते भिंतीत राहतं.

टकळीला सांगितलं तर तिला ते फार आवडलं. तिने लगेच पलंगाशेजारची भिंत मला वाचून दाखवली. भिंतीवर काहीही नव्हतं. पण तिचं वाचन काही संपेना.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज एकट्याने अख्खी भिंत उरकली. वरच्या साहेबांची पाहणी होती, म्हणून सगळं पथक मैदानावर आणि मी एकटा स्टेशनजवळच्या भुयारी मार्गात. तिथे दुपारीसुद्धा दिवे लावावे लागतात. भिंत बघून कपाळावर हात मारला. चित्रबित्र नाही, नुसतं लिखाण, काळ्या पेनाने, मुंगीएवढी अक्षरं, गुडघ्यापासून हात पोचेल तिथवर. इतकं की भिंतीचा मूळ रंग कोणता ते कळू नये. वाचायला दोन दिवस लागले असते आणि शाळा आज लवकर सुटणार होती. टकळी फाटकात एकटी उभी राहणार म्हणून माझा जीव तिकडे लागलेला.

एक ओळ वाचली. मुंग्यांना गुडघे असतात का. म्हटलं, हे काय वाचायचं! कुणीतरी डोक्याने अधू. रोलर उचलला आणि झपाझप सुरू केलं. पथकाचा पाणचट प्रायमर मला आवडत नाही, म्हणून माझ्याजवळचा होता तो घट्ट मारला, वर राखाडीचे दोन हात. माझा हात लागलेल्या भिंतीचा पोपडा सहजी निघायचा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

भोंग्याने संध्याकाळी विचारलं, वाचलंस ना? मी हो म्हणून टाकलं. आक्का माझ्याकडे बघत होती. ती काहीतरी विचारणार होती, पण टकळी मध्येच घुसली आणि तिने आक्काला दात कसा हलतोय ते दाखवायला घेतलं.

८ फेब्रुवारी, रविवार

घासपेपर मारून खोलीची एक भिंत सपाट केली. टकळी पलंगावर बसून बघत होती. आज जरा शांत आहे. खरं सांगायचं तर कानांना सुट्टी मिळाली म्हणून मी खूशच होतो.

संध्याकाळी बायकोचा फोन. टकळीने हो, नाही, जेवले, एवढंच सांगितलं आणि फोन मला दिला. बायको म्हणाली, झोपेत होती का? म्हटलं, दमली असेल, नवीन शाळा आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

शाळेतल्या बाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, पहिल्या आठवड्यात हिला गप्प बस म्हणून आम्ही थकलो आणि कालपासून ही हजेरीलाही उत्तर देत नाही. मी तिला बाहेर बाकावर बसवून विचारलं, कुणी काही बोललं का, मारलं का. तिने मान हलवली, नाही. मग तोंड उघडलं. शब्द शोधत होती. खिशात ठेवलेली वस्तू सापडू नये तशी गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. शेवटी नळाकडे बोट दाखवलं. तहान लागली होती तिला. पाणी हा शब्द तिला सापडत नव्हता.

नळाखाली ओंजळ धरून तिला पाणी पाजलं.

डॉक्टरकडे नेलं. घसा स्वच्छ, कान स्वच्छ, जीभ नीट. ते म्हणाले, गाव बदललं, आई जवळ नाही, मुलं असं करतात, चार दिवस द्या. मी मान डोलावली. पण त्यांना माझी टकळी माहीत नाही. ताप एकशेचारवर गेला होता तेव्हाही ती नर्सला गोष्ट सांगत होती. माझी लेक रुसली तर दुप्पट बोलते.

बायकोला अजून सांगितलेलं नाही. तिथे ती रात्रपाळ्या करतेय, उगाच जिवाला घोर.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ड्रायव्हर सकाळी सहज म्हणाला की भुयारी मार्गात कुणाचं तरी पोर सारखं बडबडत असतं, दिसत मात्र नाही, आवाज घुमत असणार. आक्का एकदम थांबली. दुपारच्या सुट्टीत कुणाला न सांगता तिकडे गेलो.

भुयारात दोघं-तिघं घाईत चाललेले. ते गेल्यावर मी माझ्या राखाडी भिंतीला कान लावला.

टकळी.

माझी टकळी भिंतीच्या आत बोलत होती. दात हलतोय, जीभ लावली की दुखतो पण लावावीशी वाटते. मांजराचा एक कान फाटलाय. बाबा घोरतात तेव्हा मी त्यांचं नाक धरते. जे जे शब्द या आठवड्यात तिच्या तोंडून हरवले ते सगळे तिथे होते, एकामागून एक, दम न घेता.

मी भिंतीवर थापा मारल्या. हाक मारली. आतून बडबड थांबली. मग, अगदी जवळून, बाबा, तुम्ही कुठे आहात, इथे काहीच दिसत नाही.

शाळेत धावत गेलो. वर्गात ती बाकावर बसलेली, हातात पेन्सिल, तोंड जरासं उघडं. मला बघून हसली. हसण्याचाही आवाज नव्हता.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आता एक शब्दही नाही. सकाळी दात पडला. तिने तो तळहातावर ठेवून मला दाखवला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, कारण केवढं काय काय सांगायचं होतं तिला त्या दाताबद्दल. मी तिला जवळ घेतलं. माझ्या शर्टाला तोंड लावून ती हुंदके देत होती आणि मला काही ऐकू येत नव्हतं.

बायकोचा फोन आला. म्हणाली, माझा फोन बिघडलाय बहुतेक, हिचे जुने निरोप लावते तर नुसती खरखर. मी माझ्या फोनमधले लावून बघितले. वाढदिवसाचा. गाण्याचा. दोन वर्षांपूर्वीचा, बोबडा. खरखर. सगळीकडे खरखर.

मग रडत रडत तिला सांगितलं. भिंतीचं नाही, एवढंच की पोर बोलत नाही. ती म्हणाली, मेट्रन गेली खड्ड्यात, मी पुढच्या रविवारी येते. त्याआधी सुट्टी मिळणारच नाही. माझ्या टकळीला तोवर सांभाळा म्हणाली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आक्काच्या घरी गेलो आणि सगळं ओकून टाकलं. वाचलं नव्हतं, खोटं बोललो. वाटलं शिव्या घालेल. तिने टकळीसमोर बिस्किटं ठेवली, तिच्या केसांवरून हात फिरवला, आणि मला बाहेर जिन्यावर घेऊन गेली.

ती भिंत एका शिवणकाम करणाऱ्या बाईची. तिची मुलगी टकळीएवढीच होती, तापात गेली. घरात दुसरं कुणी नाही. मुलीचा फोटो होता, पण आवाज कुठेच नव्हता. बाईला भीती बसली की आपण तिचं बोलणं विसरणार. मग पोर जे जे बोलली होती ते आठवेल तसं ती भुयारातल्या भिंतीवर लिहायला लागली. तिथेच का, तर रोज शेकडो माणसं जातात. येणाऱ्या-जाणाऱ्याने एकेक ओळ वाचली तरी पोरीचा आवाज गावात राहील, असं तिचं म्हणणं. वर्षभर लिहीत होती. आक्का दर वेळी तिथे जाऊन थोडं वाचायची आणि वाचून संपलं नाही असं सांगून भिंत पुढे ढकलायची. साहेबांची पाहणी आली नसती तर अजूनही ढकललीच असती.

मी रंग मारला त्या संध्याकाळी बाई आली होती. तिकीट खिडकीवाल्याने बघितली. राखाडी भिंतीला दोन्ही हात लावून उभी होती. नंतर त्याने बघितलं तर फक्त चपला. भिंतीकडे तोंड करून, जोडीने.

आक्का म्हणाली, तू तिच्या लेकीचा आवाज घेतलास, तिने तुझ्या लेकीचा घेतला. आता काही होईल तर एकाच गोष्टीने होईल. रंग खरवडून काढ आणि शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्याने वाच. पण जे वाचायचं ते भिंतीसमोर, तिला ऐकू जाईल असं. दुसरीकडे कुठेही नाही. हे तिने माझा खांदा धरून दोनदा सांगितलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

खरवडतोय. पहाटे टकळीला आक्काकडे सोडतो आणि जातो. कामावर गेलेलो नाही. भोंग्याला आक्काने काय सांगितलं माहीत नाही, पण तो येऊन माझ्या शेजारी रंग खरवडायची पत्ती घेऊन उभा राहिला.

निघत नाही. माझाच प्रायमर. माझ्याच हाताने मारलेला, घट्ट, छातीठोक! पत्ती घालून दाबावी तर नखाएवढा पोपडा उडतो आणि अक्षरं त्याच्या पाठीला चिकटून येतात. खाली भिंतीवर काही उरत नाही. पोपडे डब्यात गोळा करतोय. उलटी अक्षरं. अर्धे शब्द. ओळीला ओळ लागत नाही.

आणि भिंतीतून टकळी बोलत असते. सकाळभर, बाबा, मला बाहेर काढा. मी म्हणतो, काढतोय राजा, काढतोय. दुपारी पत्ती हातात रुतली, रक्त निघालं, तेव्हा आतून तिने विचारलं, मला भूक लागली तर? आणि मी उत्तर द्यायच्या आत दुसरं कुणीतरी बोललं. बाईचा आवाज, हळू, समजावणीचा.

टकळी गप्प झाली. मग तिने त्या बाईला मांजराबद्दल सांगायला सुरुवात केली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

भिंतीसमोर दिवसभर पोपडे वाचले. घसा बसला. काही झालं नाही. टकळी तशीच. मला सांगा, किती दिवस नुसता विश्वास ठेवायचा? पोर डोळ्यांसमोर सुकतेय. हाक मारली तर मान वर करते, आणि तेही उशिरा.

डबा घरी आणला. आक्काने नको म्हटलेलं माहीत होतं. पण मला तिचं तोंड बघत वाचायचं होतं. काही फरक पडतो का, ते तिथे भुयारात बसून कसं कळणार?

तिला समोर बसवलं. आरशात धरून अक्षरं सुलटी केली. पाणी दे, थंडवालं. वाचलं.

ती म्हणाली, पाणी.

पाणी म्हणाली! घोगऱ्या आवाजात, पण म्हणाली! मी पेला भरताना निम्मं पाणी जमिनीवर सांडलं. तिला छातीशी धरून खोलीभर नाचलो. खालच्या मजल्यावरचे छताला काठी मारत होते. मारू देत.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज तेरा-चौदा पोपडे. बूट चावतो. नको ना दूध. बघ, बघ, मी एका पायावर. जे वाचलं ते ती म्हणाली, आणि मग आपलं आपण त्याच्या पुढचंही बोलायला लागली. बायकोला सांगितलं, बोलतेय. ती फोनवरच रडायला लागली. टकळीला फोन द्या म्हणाली. ही घेईना, लाजली.

आक्का आली होती. डबा बघून तिचा चेहरा उतरला. म्हणाली, भिंतीसमोर वाचलं तर भिंतीतलं मोकळं होतं. इथे रिकाम्या तोंडासमोर वाचलंस तर ते कुठे जाईल, विचार केलास का? मी तिच्यावर ओरडलो. माझ्या पोरीला आवाज फुटलाय आणि तुला बघवत नाही, असलं काहीबाही. ती उठून गेली.

बोलतेय ना! मग झालं तर.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आता पोपडे वाचायची गरज नाही. दिवसभर बोलते. कान किटतील इतकं.

सकाळी विचारलं, माझी पिवळी पिशवी कुठेय? हिच्याकडे पिवळी पिशवी कधीच नव्हती. खिडकीत मांजर आलं तर घाबरून माझ्या मागे लपली. दुपारी जमिनीवर पालथी पडून बराच वेळ बघत होती, मग विचारलं, मुंग्यांना गुडघे असतात का?

मी हे तिला वाचून दाखवलेलं नाही. तो पोपडा मला सापडलेलाच नाही.

पाचावर धारण बसली. तरी स्वतःला सांगतोय, पोरं काहीही विचारतात.

तिला विचारलं, दात कुठे ठेवलास? तिने जिभेने हिरडी चाचपली. तिला माहीतच नव्हतं की दात पडलाय.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी वेणी घालत होतो. मला वेणी नीट येत नाही, टकळी नेहमी चिडवायची. ही शांत बसून होती. मग अगदी मर्यादेने, परक्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "काका, तुम्ही चांगले आहात. पण आता मला घरी सोडा. आई शिवत बसली असेल, ती जेवत नाही माझ्याशिवाय."



तिला काय सांगू? तुझी आई — ती कुठे आहे ते सांगू? तिचा यात काय दोष? डोळे टकळीचे आहेत. कपाळावरची खूण टकळीची आहे. तान्ही असताना टकळी माझ्या हातून पडली होती, तेव्हाची. तीच खूण. आणि आतून दुसरीच कुणी मुलगी माझ्याकडे बघतेय, घाबरलेली, आपल्या आईची वाट बघणारी.

डबा जाळला. काही झालं नाही. ती विचारते, काका, धूर कसला?

आक्काच्या दारावर डोकं आपटलं. तिने उघडलं. म्हणाली, चल, अजून भिंत आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

भिंतीवर वाचायला काही उरलं नाही. सगळं मी खरवडलं. सगळं घरी नेलं. भोंगा कोऱ्या सिमेंटसमोर उभा राहिला, तोंड उघडलं, मिटलं.

म्हणून मी लिहिलं. काळा रंग, मोठा ब्रश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाई, तुमची मुलगी माझ्याकडे आहे. तुमची वाट बघतेय. घेऊन जा, मला माझी द्या. बाई, मी चुकलो. ऐका. ऐका माझं. लोक थांबून वाचत होते. एकाने मोठ्याने वाचलं, मग दुसऱ्याने. मी त्यांच्या पाया पडलो, म्हटलं वाचा, अजून मोठ्याने वाचा.

मग कान लावला.

आत हसणं चाललेलं. टकळीचं. खळखळून. काहीतरी सांगत होती, दम न घेता, आणि ती बाई हं, हं, करत होती. मी हाका मारल्या. टकळी, ए टकळी, बाबा आलाय. आतलं बोलणं थांबलं. मला वाटलं — देवा, मला वाटलं —

आतून तिने विचारलं, "आई, बाहेर कोण रडतंय?"

२२ फेब्रुवारी, रविवार

बायको बसमध्ये. दुपारी पोचते म्हणाली. खूप आनंदात. येताना हिच्यासाठी नवे बूट —

आक्का म्हणते, खरं सांग. कसं सांगू. काय सांगू. तुझी लेक एका भिंतीत दुसरीला आई म्हणते, असं —

पळून जावं. हिला घेऊन. पण कुठे. आणि ही माझी नाही. आणि हीच आहे —

ही खिडकीत उभी. सकाळपासून वाट बघतेय. मीच बोलून गेलो ना, आज आई येणार. तेव्हापासून हिचा चेहरा असा उजळलाय. केस स्वतः विंचरले. मला बघवत नाही. हिला तिची आई येणार वाटतंय. त्या आईला तिची —

बस आली. इथून दिसतेय. बायको उतरली. वर बघून हात हलवला. हिने विचारलं, काका, त्या काकू कोण?

जिन्यात पावलं. ओळखीची. पहिला मजला. मी दार लावून घेतलं. कडी. लिहितोय कारण हात थांबला की मी ओरडेन —

दुसरा मजला.

हिला म्हटलं, ऐक, दाराबाहेर जी आहे तिला आई म्हण. फक्त एकदा. तुझ्या पाया पडतो पोरी. ही माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ती माझी आई नाही ना पण. आणि रडायला लागली.

दारावर थाप. हसतेय बाहेर. हाका मारतेय, टकळी, ए टकळी, दार उघड, बघ कोण आलंय —

हिने डोळे पुसले. माझ्याकडे वळली. विचारतेय, काका, टकळी कोण? मी हिला काय सां